पीएलसीतील सेट व्हॅल्यू आपोआप बदलत असेल, तर शेजारचा पत्ता तपासा

पीएलसीवर, म्हणजे प्रोग्रामनुसार यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकावर, यंत्र व्यवस्थित चालू असते, कोणी काही बदललेले नसते, आणि तरीही एखाद्या दिवशी टायमरचा अवधी, वजनाची मर्यादा किंवा तापमानाचा सेट पॉइंट वेगळाच दिसू लागतो. ती किंमत पुन्हा भरली की यंत्र सुधारते, काही दिवस बरे चालते आणि मग तीच तक्रार नव्याने येते. सांगली, मिरज आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत किंवा साताऱ्यापासून कराडपर्यंतच्या कारखान्यांत ज्यांच्याकडे विद्युत देखभालीचे काम आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ही तक्रार कधी ना कधी हाताळलेली असेल. तिची कारणे अनेक असू शकतात. परंतु नेमून दिलेला आकडा ठरावीक काळाने बिघडतो आणि हार्डवेअरमध्ये काहीच सापडत नाही, तेव्हा मेमरीतील एकच जागा नकळत दोन कामांना दिली गेली आहे काय, हे सर्वांत आधी पाहावे असे माझे स्पष्ट मत आहे.

सहसा याच्या उलट घडते. आधी लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर) बदलला जातो, मग केबलचे शील्डिंग तपासले जाते, अर्थिंगचा खड्डा नव्याने भरला जातो, आणि शेवटी पीएलसीच बदलण्याचा प्रस्ताव वरिष्ठांपुढे जातो. प्रोग्राम मात्र कोणी उघडत नाही, कारण तो इतकी वर्षे चालला आहे, तेव्हा तो बरोबरच असणार असे गृहीत धरलेले असते. येथे एक भेद लक्षात ठेवावा. विद्युत गोंगाटामुळे ॲनालॉग इनपुटचे आकडे थरथरतात, मागेपुढे होतात; पण रजिस्टरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या मेमरीतील एका क्रमांकित जागेत, साठवलेली पूर्णांक किंमत शून्यावरून नेमकी एकवर जावी आणि तेथेच स्थिर राहावी, हे गोंगाटाचे लक्षण नव्हे. प्रोग्राममधील कोणत्या तरी सूचनेने ती तेथे लिहिलेली असते.

हळदीच्या पॅकिंग मशीनचे उदाहरण

कुपवाड भागातील हळद पावडर भरणाऱ्या एका युनिटमधील प्रकार येथे सविस्तर मांडतो, कारण या दोषाची सगळी लक्षणे त्यात एकत्र आलेली आहेत. मशीन ऑगर पद्धतीचे होते. ऑगरचा स्क्रू फिरून पावडर पाकिटात पडते, ठरलेले वजन झाले की लोड सेलचा सिग्नल येतो आणि स्क्रू थांबतो. वजन झाल्यानंतर स्क्रू किती उशिराने थांबवायचा यासाठी प्रोग्राममध्ये एक विलंब ठेवलेला होता, पण त्याची किंमत कायम शून्य असे. मिनिटाला साधारण २० पाकिटे, म्हणजे आठ तासांत ९,६०० पाकिटे भरली जात. आठवड्याच्या सुरुवातीला सुपरवायझर एकूण पाकिटांचा आकडा शून्य करीत असे.

नवी हळद सांगलीच्या बाजारात येऊ लागली की काम वाढते आणि मशीन रोज दोन तास जास्त चालते. तक्रारही नेमकी त्याच दिवसांत येत असे. ऑपरेटरचे सांगणे असे होते : “साहेब, सुटीच्या आदल्या दिवशी दुपारनंतरच मशीन जड भरतंय बघा, सकाळी काही नसतंय.” पाकिटामागे काही ग्रॅम जास्त पावडर जात होती, आणि तीही प्रत्येक पाकिटात सारखी नव्हती. दुपारचे ऊन, कमी झालेला व्होल्टेज, पावडरमधील ओल, लोड सेलवर बसलेली हळदीची धूळ अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. लोड सेलचे कॅलिब्रेशन केले तरी दोष जात नसे. वीज बंद करून पुन्हा सुरू केली तरी जात नसे. परंतु साप्ताहिक सुटीनंतर मशीन सुरू झाले की तो आपोआप गेलेला असे.

उत्पादन विभागाच्या वहीत त्याच काळातील एक वेगळी तक्रार नोंदवलेली होती, आणि तिचा देखभालीशी काही संबंध असेल असे कोणालाही वाटले नव्हते. एकूण पाकिटांचा आकडा कधी कधी एकदम पासष्ट हजारांनी खाली येतो, म्हणजे ६६ हजारांवरून पाचशेच्या आसपास, असे त्यात लिहिले होते. दोन्ही वह्यांतील वेळा शेजारी ठेवल्यावर असे दिसले की, ज्या वेळी कोणी तरी सेटिंगच्या पानावर जाऊन विलंबाची बिघडलेली किंमत १ वरून पुन्हा ० केली होती, त्याच वेळी एकूण आकडा कोसळला होता. त्या दिवसापुरते मशीन सुधारले होते आणि उत्पादनाचा हिशेब बिघडला होता.

नियंत्रक डी रजिस्टर पद्धतीचा होता. या पद्धतीत प्रत्येक डी रजिस्टर १६ बिटांचे असते. एकूण पाकिटांचा आकडा डी३०० मध्ये आणि विलंब डी३०१ मध्ये ठेवलेला होता, आणि वरवर पाहता यात काही चूक दिसत नव्हती. पण पाकिटे मोजणारी सूचना १६ बिटांची नव्हती. ती ३२ बिटांची वाढ करणारी सूचना होती. अशी सूचना डी३०० असा एकच पत्ता लिहूनही प्रत्यक्षात डी३०० आणि डी३०१ ही दोन्ही रजिस्टरे वापरते. खालचे १६ बिट डी३०० मध्ये आणि वरचे १६ बिट डी३०१ मध्ये जातात. एकाच गट नंबरचा सातबारा दोघांच्या नावे स्वतंत्र निघावा आणि दोघांनीही ती जमीन कसायला घ्यावी, तशी ही स्थिती होती.

१६ बिटांत ० ते ६५,५३५ एवढेच आकडे मावतात. तोपर्यंत वरचा भाग शून्यच राहतो, आणि विलंबाची किंमतही शून्यच अपेक्षित असल्याने दोन्ही कामे एकमेकांना अजिबात बाधा न आणता चालतात. ६५,५३६ वे पाकीट भरले की डी३०० शून्य होते आणि डी३०१ एक होते. टायमर १०० मिलिसेकंदांच्या मापाचा असल्याने ऑगर तेवढ्यापर्यंत जास्त वेळ फिरू लागतो. टायमरच्या एका मापाएवढा विलंब प्रत्येक वेळी अगदी सारखा पडत नाही, म्हणून जादा पावडरही कमी-जास्त पडत होती. आता आठवड्याचा हिशेब पाहा. नेहमीच्या आठ तासांच्या कामात सहा दिवसांत ५७,६०० पाकिटे होतात, म्हणजे सीमा ओलांडलीच जात नाही. हंगामात दहा तास काम चालले की रोज १२,००० पाकिटे होतात, पाच दिवसांत ६०,००० होतात, आणि सहाव्या दिवशी साडेचार तासांनंतर, म्हणजे दुपारीच, ६५,५३६ चा टप्पा पार होतो. उन्हाचा, व्होल्टेजचा किंवा ओलीचा यात काहीही भाग नव्हता. ही रजिस्टरे वीज गेली तरी किंमत राखणाऱ्या क्षेत्रात होती, म्हणून वीज बंद-चालू करून उपयोग होत नव्हता. आणि सुटीनंतर आकडा शून्य केला जात असल्यामुळे वरचा भागही शून्य होत होता.

प्रोग्रामच्या जुन्या बॅकअपशी तुलना केल्यावर मूळ कारण समजले. सुरुवातीला मोजणीची सूचना १६ बिटांचीच होती. चिन्हासह वाचल्यास १६ बिटांचा आकडा ३२,७६७ नंतर थेट उणे ३२,७६८ वर जातो. उत्पादन वाढल्यावर स्क्रीनवर उणे आकडे दिसू लागले, म्हणून ती सूचना ३२ बिटांची करण्यात आली आणि स्क्रीनवरील टॅगही (त्या पत्त्याशी जोडलेले नाव) ३२ बिटांचा करण्यात आला. तो बदल आपल्या जागी योग्यच होता. फक्त शेजारचे रजिस्टर रिकामे आहे काय, हे पाहणे राहून गेले, आणि तेथे त्या वेळी शून्य असल्यामुळे चाचणीतही काही दिसले नाही. माझ्या अनुभवात या प्रकारचे बहुतेक दोष मूळ प्रोग्रामपेक्षा अशा नंतरच्या दुरुस्त्यांतून आलेले असतात.

शोध कसा घ्यावा

पहिले काम म्हणजे आकडे लिहून घेणे. दोष दिसत असताना, काहीही दुरुस्त करण्यापूर्वी, बिघडलेल्या रजिस्टरची किंमत, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन रजिस्टरांच्या किमती, आणि त्या वेळी चालू असलेले सगळे एकूण आकडे नोंदवावेत. किंमत पुन्हा भरून यंत्र चालू करण्याची घाई समजण्यासारखी असते, पण त्या एका कृतीने पुरावा पुसला जातो. नोंदींत २५६, ३२,७६८ किंवा ६५,५३६ या संख्या, त्यांच्या पटी, किंवा दोन वाचनांतील फरक म्हणून याच संख्या आल्या, तर पत्त्यांची टक्कर किंवा वर्डांची (१६ बिटांच्या गटांची) अदलाबदल जवळजवळ निश्चित समजावी.

त्यानंतर मॉनिटरिंगच्या तक्त्यात तोच पत्ता दोन प्रकारे उघडावा : एकदा १६ बिटांचा आणि एकदा ३२ बिटांचा. डी३०० हे ३२ बिटांत ४०,००० दाखवत असताना १६ बिटांच्या चिन्हांकित वाचनात उणे २५,५३६ दिसेल, आणि हे पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही; बिट तेच आहेत. हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातील, स्वरूपात पाहिले तर दोन्ही वाचनांतील नाते लगेच कळते.

क्रॉस रेफरन्स, म्हणजे एखादा पत्ता प्रोग्राममध्ये कोठे कोठे वापरला आहे त्याची यादी, घेताना मात्र एक सावधगिरी हवी. सूचनेत लिहिलेला असतो तो सुरुवातीचा पत्ता, आणि अनेकदा यादीतही तेवढाच दिसतो. डी३०१ चा शोध घेतला तर विलंबाचा टायमर आणि स्क्रीनचा टॅग सापडेल. पण डी३०० वर लिहिणारी ३२ बिटांची सूचना त्या यादीत येईलच याची खात्री नसते. म्हणून आधीच्या पत्त्याचाही शोध घ्यावा आणि त्यावर काम करणाऱ्या प्रत्येक सूचनेची रुंदी पाहावी. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत आणि डेल्टाच्या डीव्हीपी मालिकेत सूचनेच्या नावाआधी डी अक्षर लागले की ती ३२ बिटांची होते. दशांश किमतींसाठीही दोन रजिस्टरे लागतात.

एवढ्याने भागत नाही, कारण काही सूचना दोनपेक्षा कितीतरी जास्त रजिस्टरे व्यापतात आणि लॅडरमध्ये, म्हणजे शिडीसारख्या ओळींत मांडलेल्या प्रोग्राममध्ये, ते कोठेही लिहिलेले दिसत नाही. ब्लॉक मूव्ह आणि फिल मूव्ह या सूचना दिलेल्या संख्येएवढी रजिस्टरे भरतात, आणि ती संख्या जर स्थिरांकाऐवजी रजिस्टरमधून येत असेल तर व्याप्ती दर वेळी बदलू शकते. एफएक्स मालिकेतील पीआयडी (तापमानासारखी किंमत सेट पॉइंटवर राखणारी) सूचना आपल्या पॅरामीटरसाठी दिलेल्या पत्त्यापासून किमान २५ सलग रजिस्टरे स्वतःसाठी वापरते. तापमानाचा लूप नव्याने बसवलेला असेल आणि त्यानंतरच भलतीकडची किंमत बिघडू लागली असेल, तर मी सर्वप्रथम तेथेच पाहीन. व्ही आणि झेड या इंडेक्स रजिस्टरांनी काढलेला पत्ता तर प्रोग्राम वाचून कळतच नाही. डी४०० ला झेड जोडले असेल आणि झेडमध्ये १० च्या जागी ११० आले, तर लेखन डी५१० मध्ये होईल. अशा ठिकाणी इंडेक्सची किंमत सूचनेपूर्वी मर्यादेत आहे काय हे तपासणारी अट असायलाच हवी.

इतके करूनही लिहिणारा सापडत नसेल, तर प्रोग्राममध्येच सापळा लावावा. लॅडर वरून खाली क्रमाने चालतो, या गुणाचा येथे उपयोग होतो. स्कॅनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एका पूर्ण फेरीच्या, सुरुवातीला संशयित रजिस्टरची प्रत एका निश्चितपणे रिकाम्या रजिस्टरमध्ये घ्यावी. प्रत्येक विभागानंतर मूळ किंमत आणि प्रत यांची तुलना करावी. फरक आढळला आणि नोंद आधी झालेली नसली, तर त्या विभागाचा क्रमांक दुसऱ्या एका रजिस्टरमध्ये लिहून ठेवावा आणि प्रत नव्याने घ्यावी. स्कॅनच्या शेवटची किंमतही जपून ठेवावी आणि पुढच्या स्कॅनच्या पहिल्याच ओळीत तिच्याशी तुलना करावी. तेथे फरक निघाला तर लेखन लॅडरमधून नव्हे, तर बाहेरून, म्हणजे स्क्रीन, स्काडा (संगणकावरील देखरेख प्रणाली) किंवा दुसऱ्या नियंत्रकाकडून होत आहे. हा निष्कर्ष त्याच नियंत्रकांना लागू होतो, जे संवादाचे काम स्कॅनच्या शेवटी करतात. सिमेन्सच्या एस७-१२०० आणि एस७-१५०० मध्ये स्क्रीनकडून आलेली किंमत स्कॅनच्या मध्यातही बदलू शकते, त्यामुळे तेथे एकाच नोंदीवर विश्वास न ठेवता अनेक नोंदी गोळा कराव्यात. सापळ्याची रजिस्टरे वीज गेली तरी किंमत राखणाऱ्या क्षेत्रातील असावीत. एफएक्स३यू मध्ये डी० ते डी१९९ ही साधी आणि डी२०० ते डी५११ ही मूळ रचनेनुसार राखणारी असतात, परंतु ही सीमा पॅरामीटरमधून बदललेली असू शकते, म्हणून ती आधी पाहून घ्यावी.

इतर घराण्यांतील हाच दोष

सिमेन्समध्ये रूप थोडे वेगळे असते, कारण तेथे पत्ता बाइटचा असतो. एमबी म्हणजे एम मेमरीतील एक बाइट आणि एमडब्ल्यू म्हणजे दोन बाइटांचा वर्ड. एमडब्ल्यू१० म्हणजे एमबी१० आणि एमबी११. एमडब्ल्यू११ म्हणजे एमबी११ आणि एमबी१२. म्हणजेच लगतच्या क्रमांकांचे दोन वर्ड एका बाइटावर एकमेकांना ओलांडतात. डी रजिस्टरांची सवय असलेला माणूस एमडब्ल्यू१० नंतर सहजपणे एमडब्ल्यू११ घेतो आणि फसतो. समजा एमडब्ल्यू१० मध्ये ३०० आहे आणि कोणी एमडब्ल्यू११ मध्ये १ लिहिला. एमबी११ शून्य होते आणि एमडब्ल्यू१० मध्ये ३०० च्या जागी २५६ दिसू लागतात. पुन्हा एमडब्ल्यू१० मध्ये ३०० लिहिले की एमबी११ मध्ये ४४ जातात आणि एमडब्ल्यू११ मध्ये १ च्या जागी ११,२६५ दिसतात. हे दोन आकडे समोर आले की संशयाला जागा राहत नाही. तेथे वरचा बाइट लहान क्रमांकाच्या पत्त्यावर असतो हेही ध्यानात ठेवावे. त्यामुळे एमडब्ल्यू१० चा सर्वांत खालचा बिट एम१०.० नसून एम११.० असतो. वर्ड नेहमी सम क्रमांकावर आणि डबल वर्ड चाराच्या पटीच्या क्रमांकावर घेण्याचा नियम पाळला, तर एकाच जातीचे पत्ते तरी एकमेकांवर चढत नाहीत. टीआयए पोर्टल या सिमेन्सच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमधील असाइनमेंट लिस्ट इनपुट, आउटपुट आणि एम क्षेत्रातील कोणता बिट वापरात आहे हे चौकटी भरून दाखवते, आणि हा दोष शोधण्यासाठी त्याहून सोपे साधन नाही.

एस७-१२०० मध्ये क्लॉक मेमरी (ठरावीक वेगाने चालू-बंद होणारे बिट) आणि सिस्टिम मेमरी चालू केली, तर सुचवले जाणारे बाइट अनुक्रमे एमबी० आणि एमबी१ असतात. ज्या जुन्या प्रोग्राममध्ये एमडब्ल्यू० मध्ये काही साठवलेले आहे, तेथे ही सोय चालू केल्या क्षणी ती किंमत सेकंदाला अनेकदा बदलू लागते. हा दोष भयंकर दिसतो, पण सापडायला सर्वांत सोपा असतो. या घराण्यात माझा आग्रह एम क्षेत्र जवळजवळ न वापरता सगळ्या किमती नावाने डेटा ब्लॉकमध्ये ठेवण्याचा आहे. ऑप्टिमाइझ्ड ब्लॉकमध्ये घटकांना निश्चित पत्ताच नसतो, त्यामुळे टक्कर होऊ शकत नाही. मात्र पुट आणि गेट या संवाद-सूचनांना निश्चित पत्ता लागतो, म्हणून त्यांच्यासाठीचा ब्लॉक ऑप्टिमाइझ्ड नसलेला, वेगळा आणि लहान ठेवावा.

कोडेसिस या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरवर आधारलेल्या नियंत्रकांत क्रमांक त्या-त्या रुंदीनुसार मोजला जातो. तेथे एमडब्ल्यू१० म्हणजे २० आणि २१ क्रमांकांचे बाइट, आणि एमडी५ म्हणजे २० ते २३ क्रमांकांचे बाइट. कागदावर ५ आणि १० एकमेकांपासून दूर दिसतात, पण मेमरीत ते एकाच जागी आहेत. सिमेन्सवरून कोडेसिसकडे किंवा उलट प्रोग्राम नेताना पत्ते जसेच्या तसे उतरवू नयेत.

स्क्रीन आणि मॉडबसकडून येणारी गडबड

सापळ्याने लेखन बाहेरून होत असल्याचे दाखवले, तर स्क्रीनवरील टॅगची रुंदी प्रथम पाहावी. प्रोग्राममध्ये १६ बिटांचा असलेला सेट पॉइंट स्क्रीनवर ३२ बिटांचा नेमला असेल, तर ऑपरेटर जेव्हा जेव्हा ती किंमत भरेल तेव्हा तेव्हा पुढचे रजिस्टर शून्य होईल. हा दोष फक्त सेटिंग बदलताना येतो, एरवी महिनोन्महिने दिसत नाही, आणि म्हणून तो ऑपरेटरच्या माथी मारला जातो. रेसिपीचे (एका उत्पादनाच्या सेटिंगांच्या संचाचे) डाउनलोड हेही तसेच. रेसिपीची लांबी एका घटकाने वाढवली की ब्लॉकच्या शेवटानंतरचे रजिस्टर तिच्या खाली येते.

मॉडबस हा उपकरणांमधील संवादाचा संकेत मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणला, आणि त्यातील एकाने चुकणारा क्रमांक आजही तितकाच त्रास देतो. होल्डिंग रजिस्टर ४०००१ असे कागदावर लिहिले असले, तरी संदेशात त्याचा पत्ता ० असतो. काही उपकरणांच्या पुस्तिकांत पहिली पद्धत असते, काहींत दुसरी, आणि स्क्रीनचे ड्रायव्हरही यापैकी कोणतीही पद्धत धरून चालतात. दोघांचे जुळले नाही की सगळे लेखन शेजारच्या रजिस्टरमध्ये जाते. डेल्टाच्या डीव्हीपी मालिकेत डी० चा मॉडबस पत्ता हेक्स १०००, म्हणजे ४०९६ असतो, आणि चार-मालिकेच्या क्रमांकात तोच ४०४०९७ होतो. डी१०० साठी ४०४१९६ लिहिले गेले तर किंमत डी९९ मध्ये जाईल. जुळणी तपासण्यासाठी पाच सलग रजिस्टरांत ११, २२, ३३, ४४, ५५ असे ओळखू येतील असे आकडे नियंत्रकात लिहावेत आणि स्क्रीनवर किंवा स्काडावर कोणता आकडा कोणत्या नावाखाली दिसतो ते पाहावे. शून्ये भरून केलेली चाचणी येथे काहीच सांगत नाही.

मॉडबसच्या मानकात १६ बिटांतील बाइटांचा क्रम ठरलेला आहे, पण ३२ बिटांची किंमत दोन रजिस्टरांत कोणत्या क्रमाने ठेवावी हे ठरलेले नाही. म्हणून ऊर्जामापकातून किंवा फ्लो मीटरमधून वाचताना ५ च्या जागी ३,२७,६८० दिसले, तर ते बरोबर ५ गुणिले ६५,५३६ आहे आणि फक्त वर्डांचा क्रम उलटलेला आहे. हे वाचन कायम चुकीचे येते, अधूनमधून नव्हे; अधूनमधून येणाऱ्या दोषाशी त्याची गल्लत करू नये.

एक्स आणि वाय यांचे क्रमांक एफएक्स आणि डीव्हीपीमध्ये आठाच्या पायात असतात, एक्स७ नंतर एक्स१० येतो, हे नव्या तंत्रज्ञाला एकदा सांगून ठेवावे. आणि किंमत केवळ वीज गेल्यानंतरच शून्य होत असेल, तर टक्कर शोधण्याऐवजी राखणारे क्षेत्र आणि बॅटरी पाहावी.

दुरुस्ती आणि तिची चाचणी

पत्ता बदलण्यापूर्वी नियंत्रकातील चालू प्रोग्राम आणि सगळी रजिस्टरे अपलोड करून तारखेसह ठेवावीत. संगणकावरील फाइल आणि नियंत्रकातील प्रोग्राम एकच आहेत असे गृहीत धरू नये. दोन्हींची तुलना करूनच पुढे जावे. त्यानंतर दोन कामांपैकी ज्याचे संदर्भ कमी असतील ते हलवावे. हळदीच्या मशीनवर विलंब डी३०१ वरून हलवला गेला, कारण तो एका टायमरमध्ये आणि स्क्रीनच्या एकाच पानावर होता. एकूण आकडा मात्र अहवालांतही जात होता. नव्या जागेचे अलीकडचे आणि पलीकडचे पत्ते तपासावेत, स्क्रीनचा टॅग त्याच वेळी बदलावा, आणि जुन्या जागेवर ‘डी३०० चा वरचा भाग, वापरू नये’ अशी कॉमेंट घालावी. ही कॉमेंट लिहायला अर्धे मिनिट लागते, आणि पुढे कधी तरी रिकामे रजिस्टर शोधणाऱ्या दुसऱ्या माणसाला ती वाचवते.

एक टक्कर सापडली की त्याच प्रोग्राममध्ये आणखी असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून ३२ बिटांच्या प्रत्येक सूचनेची यादी करून तिचे दोन्ही पत्ते एका तक्त्यात मांडावेत. पत्ता, रुंदी, काम, कोण लिहितो आणि कोण वाचतो, एवढे रकाने पुरतात. लिहिणाऱ्याच्या रकान्यात दोन नावे आली तर ती जागा लाल करावी. हा तक्ता पॅनेलच्या दारामागे छापील स्वरूपात लावलेला असावा, कारण रात्रपाळीत लॅपटॉप मिळतोच असे नाही.

चाचणी दोषाच्या सीमेवरच घ्यावी. नुसते यंत्र चालवून पाहणे पुरेसे नाही, कारण ते बिघडलेल्या स्थितीतही आठवडाभर नीट चालत होते. ऑगरच्या मोटरचा पुरवठा वेगळा करून, यंत्राजवळ कोणी नाही याची खात्री करून, एकूण आकड्यात ६५,५३० भरावे आणि मोजणीचा सेन्सर हाताने दहा-बारा वेळा चालवावा. आकडा ६५,५३५ वरून ६५,५३६ वर जाताना विलंबाची किंमत शून्यच राहिली पाहिजे. मग उलट बाजूने, विलंबात ३ भरून एकूण आकडा हलत नाही हे पाहावे. टक्कर शिल्लक असती तर तो १,९६,६०८ च्या पुढे गेला असता. दोन्ही दिशांनी उत्तर बरोबर आले की विलंब पुन्हा शून्य करावा, एकूण आकड्यात चाचणीपूर्वीची किंमत भरावी, सापळ्याच्या ओळी आणखी एका पूर्ण आठवड्यासाठी प्रोग्राममध्ये तशाच ठेवाव्यात, आणि तो आठवडा जास्तीच्या तासांचा असेल हे उत्पादन विभागाकडून आधीच ठरवून घ्यावे.